आधी सांगायचं, मग हात लावायचा

वहिनी, आधी सांगतो, मग हात लावतो.

उद्या सकाळी मी तुमच्या वर्गाचं दार उघडणार आहे. तुम्ही गेल्यापासून ते बंद आहे. किल्ली माझ्याकडे आहे, आत्ता समोर टेबलावर आहे. आत काय आहे ते मला पाठ आहे, कारण तिथल्या बऱ्याच वस्तूंची मापं मीच घेतलेली आहेत. दोन लोखंडी पलंग, सरकता पडदा, आंघोळीचा टब, मुली ज्याला आजोबा म्हणतात तो माणसाएवढा डमी, आणि कपाटाच्या वरच्या खणात दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. तरी आत जाण्याआधी तुम्हाला सांगणं भाग आहे. तुमची पद्धत तशी होती. ती मोडली तर काय होतं, हे मी एकदा दाराबाहेर उभं राहून ऐकलं आहे.

तुम्ही किती वर्षं सिस्टर होतात, हडपसरच्या त्या दोन खोल्यांतून किती मुली शिकून बाहेर पडल्या, हे मी इथे लिहीत नाही. आकडे माझ्याकडे आहेत. ज्याला हवे असतील त्याला देईन. तुम्हाला ते सांगण्यात अर्थ नाही.

तुम्हाला सांगायचं ते वेगळंच आहे. परवा साखर तपासायला मी सदाशिव पेठेतल्या एका लहानशा लॅबमध्ये गेलो होतो. सकाळची वेळ, उपाशी पोट, बाकावर माझ्या आधी आलेली माणसं. पडद्यापलीकडून तुमचा आवाज आला.

"आजी, आता हात धरते हं."

मग ती थांबायची जागा. मग, "टोचते."

तुमचा आवाज आला असं मी लिहिलं, ते बरोबर नाही. आवाज बारीक होता, तरुण मुलीचा. पण शब्दांचे चढउतार, शेवटचं 'हं' किंचित खाली सोडणं, आणि मुख्य म्हणजे मधली ती रिकामी जागा, हे सगळं तुमचं होतं. माझ्या शेजारचे गृहस्थ म्हणाले, "अहो, तुमचा नंबर आला." मी उठलोच नव्हतो.

आत गेल्यावर मी त्या मुलीला विचारलं, "हडपसरला शिकलात का?"

"नाही हो काका. मला आमच्या सीनियर मॅडमनी शिकवलं. त्या हडपसरच्या क्लासच्या."

म्हणजे तिने तुम्हाला कधी पाहिलं नव्हतं. तुमचा आवाज कधी ऐकला नव्हता. आणि ती माझा दंड धरण्याआधी तुमच्यासारखी मान तिरकी करून म्हणाली, "काका, आता हात धरते हं." आणि थांबली. त्या जागेत काय म्हणायचं असतं, हे इतकी वर्षं तुमच्यासोबत एका घरात राहूनही मला ठाऊक नव्हतं. मी "हो" म्हणालो. मगच तिने हात धरला.

ती पद्धत मी पहिल्यांदा पाहिली दादाच्या खोलीत. दादा, माझा थोरला भाऊ, तुमचा नवरा. अपघातानंतर तो जो पडला तो शुद्धीवर आला नाही. तुम्ही त्याला घरी आणलंत. दर थोड्या वेळाने कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. तुम्ही पलंगापाशी जायचात, वाकायचात आणि म्हणायचात, "अहो, आता तुम्हाला डाव्या कुशीवर वळवते हं." मग हात मागे घेऊन उभ्या राहायचात. एखादा श्वास घेण्याइतकं. मग हात लावायचात. प्रत्येक वेळी. मी मदतीला पलीकडून चादर धरून उभा असायचो आणि मला तो मधला वेळ सोसायचा नाही. एकदा बोललोच.

"वहिनी, डॉक्टर काय म्हणाले ते तुम्हीही ऐकलंत. दादाला काही कळत नाही."

"ऐकलं."

"मग थांबता कशाला?"

"त्यांना काही म्हणायचं असलं तर."

"ते काही म्हणणार आहेत का?"

तुम्ही चादरीची सुरकुती काढत होतात. वर न पाहता म्हणालात, "भाऊजी, तुमच्या कंपनीत काटा शून्यावर असला तर तुम्ही रीडिंग घेत नाही का?"

माझं सगळं आयुष्य मापं तपासण्यात गेलं आहे. कारखान्यातली गेज, वजनकाटे, तापमापकं बरोबर दाखवतात की नाही ते बघायचं आणि सही करायची, एवढंच माझं काम. त्यामुळे खोटं बोलता येईना. म्हणालो, "घेतो. शून्य असं लिहितो."

"मीही शून्यच लिहून घेते. पण रीडिंग घेतल्याशिवाय नाही."

याला मला उत्तर सुचलं ते फार उशिरा, दादा गेल्यानंतर. चहा घेताना म्हणालो, "रीडिंग घ्यायला यंत्र लागतं. तुमच्याकडे यंत्र कुठलं?" तुम्ही म्हणालात, "मी." मी म्हणालो, "आणि तुमचं कॅलिब्रेशन?" तुम्ही बशीत चहा ओतत म्हणालात, "ते तुमच्यासारखे नास्तिक करतात. रोज." नीता हसून हसून खोकायला लागली. माझी बायको माझ्या बाजूने कधीच नव्हती, हे इथे नोंदवून ठेवतो.

तो वाद तसाच राहिला. बेशुद्ध माणसाला ऐकू येतं की नाही? मी पुरावा मागायचो. तुम्ही म्हणायचात, "येतं की नाही हा तुमचा प्रश्न. मी सांगितलं की नाही हा माझा." आणि एकदा, अगदी सहज, भाजी निवडताना म्हणालात, "माझी वेळ आली की बघा आणि ठरवा." ते वाक्य मी तेव्हा कानाआड केलं होतं.

दादानंतर तुम्ही हॉस्पिटलची नोकरी सोडलीत आणि आण्णांच्या इमारतीत तळमजल्यावर वर्ग काढलात. एका खोलीत रुग्णसेवा, शेजारच्या खोलीत पाळणाघर, म्हणजे दोन्ही कामं मुलींच्या हाताखालून जावीत. आण्णा म्हणजे हडपसरचे मूळचे शेतकरी, आता चार इमारतींचे मालक. ते म्हणाले होते, "बाई, आयटीवाल्यांना द्या म्हनत्यात लोक. पर तुमी घ्या. मला म्हातारपनी कोन उचलनार हाय?" मुली यायच्या त्या बहुतेक वाशीम, हिंगोली, बीडकडच्या. नवरे इथल्या कारखान्यांत कंत्राटावर, मुंढव्याच्या नाहीतर मांजरीच्या एका खोलीत संसार. कोणी बारावी झालेली, कोणी दहावीत सोडलेली. शिकून झालं की हॉस्पिटलच्या वॉर्डात, आयटी पार्कजवळच्या पाळणाघरात, किंवा ज्यांची मुलं परदेशी आहेत अशा म्हाताऱ्यांच्या घरी कामाला लागायच्या.

त्यावरही आपलं जुंपायचंच. मी म्हणायचो, "वहिनी, एजन्सीला नुसते दोन हात हवे असतात. तुम्ही या मुलींना गरजेपेक्षा जास्त शिकवता." तुम्ही म्हणायचात, "हात ना? ते त्या येतानाच घेऊन येतात. मी शिकवते ते हात कधी लावायचे नाहीत." हे बोलणं मला तेव्हा नुसतं चमकदार वाटलं होतं. मला चमकदार बोलणं आवडत नाही, हे तुम्हाला माहीत होतं, म्हणून तर तुम्ही मुद्दाम तसं बोलायचात.

आता बाळाविषयी. ते सरावाचं रबरी बाळ आणलंत तेव्हा खोक्यावर लिहिलं होतं, वजन तीन किलो. मी कंपनीतून काटा आणून ते ठेवलं. बरंच कमी भरलं. "फसवलं तुम्हाला," मी म्हणालो. तुम्ही म्हणालात, "वजनाचं जाऊ द्या, मान बघा. नव्या बाळाची मान अशी ताठ असते का? या बाळावर शिकलेली मुलगी खऱ्या बाळाला पाडेल." म्हणून एका रविवारी मी त्याचं पोट उसवलं, बारीक वाळू भरली, डोकं जड केलं, मानेतली तार काढून टाकली. पुन्हा काट्यावर ठेवलं. तीन किलो, बरोबर.

तुम्ही ते दुपट्यात गुंडाळलंत आणि माझ्यासमोर आलात. "भाऊजी, बाळ देते हं." आणि थांबलात. मी हात पुढे केले. बाळ हातात आलं आणि माझा डावा तळवा आपोआप मानेखाली गेला. मी दोन मुलांचा बाप आहे, त्या हाताला ती सवय जुनी होती. पण डोकं माझ्या मनगटावर कललं, खऱ्या बाळाचं कलावं तसं. दुपारचं ऊन खिडकीतून येत होतं, शेजारी पाळणाघरात पोरं खिदळत होती, आणि मी स्वतः भरलेली वाळू हातात धरून मला हलता येईना.

"आता बरोबर आहे," तुम्ही म्हणालात.

कांचन आली ती त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, म्हणजे आत्ताच्या बॅचला. वाशीमकडची. बोलणं कमी, काम स्वच्छ. बाळाच्या आंघोळीचं प्रात्यक्षिक चालू होतं आणि मी टबाचं तापमापक बदलायला आलो होतो, म्हणून हे मी डोळ्यांनी पाहिलं. बाकीच्या मुलींनी एकेक करून "बाळा, आंघोळ घालते हं" म्हटलं, नावापुरतं थांबल्या, बाळ पाण्यात. कांचनची पाळी आली. तिने सांगितलं. थांबली. थांबूनच राहिली. मुली फिदीफिदी हसायला लागल्या.

"काय झालं गं?" तुम्ही विचारलंत.

"बाई, थे बाळ नाही म्हणून राह्यलं."

एका मुलीने ओढणी तोंडात घातली. मला वाटलं, आता तुम्ही तिची चांगली हजेरी घेणार. तुम्ही खुर्ची तिच्याजवळ ओढून बसलात आणि खऱ्या बाळाविषयी विचारावं तसं विचारलंत, "का नाही म्हणतंय?"

"पाणी थंडं हाये."

तिने पाण्यात हात घातला नव्हता. हे मी खात्रीने सांगतो, कारण टबाशी मी होतो. मी नवं तापमापक पाण्यात सोडलं. पाणी गार होतं. गीझरचा खटका पडला होता आणि कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. आधीच्या सगळ्या मुलींनी त्याच पाण्यात बाळ बुडवलं होतं.

नंतर मी म्हणालो की वाफ दिसत नव्हती, तेवढ्यावरून तिला कळलं असणार. तुम्ही म्हणालात, "असणार." मग म्हणालात, "पण ती थांबली म्हणून तिला वाफ बघायला वेळ मिळाला, नाही का?" इथवर आपलं एकमत होतं. भांडण झालं ते पुढे. कांचनचं थांबणं दिवसेंदिवस लांबत चाललं होतं. बाहेरून परीक्षक येणार, प्रात्यक्षिकाला ठरलेला वेळ असणार, आणि ही डमीच्या होकाराची वाट पाहत उभी राहणार. मी घड्याळ लावून पाहिलं होतं आणि तुम्हाला आकडा सांगितला होता. ती नापास होणार, हे उघड होतं. नवऱ्याचं कंत्राट संपलेलं, गावी शाळेत जाणारी मुलगी, हिचं प्रमाणपत्र म्हणजे त्या घराचा आधार.

"तिला सांगा, परीक्षेत थांबू नकोस," मी म्हणालो.

"मी नाही सांगणार. तुम्हाला पटतं तर तुम्ही सांगा."

"मी कोण सांगणार?"

"मग गप्प बसा."

हे तुमचं मला उद्देशून बोललेलं शेवटचं धड वाक्य. दुसऱ्या दिवशी पाळणाघरात एका मुलाच्या चड्डीच्या नाडीची गाठ सोडवता सोडवता तुम्ही बाजूला कललात. मेंदूत रक्तस्राव, असं डॉक्टर म्हणाले. नंतर तुम्ही डोळे उघडले नाहीत.

हॉस्पिटलबद्दल तक्रार नाही. सगळं नीट केलं त्यांनी. तुम्हां दोघांना मूल नव्हतं, त्यामुळे सह्या मी केल्या. त्या सकाळी डॉक्टर बाहेर आले, मला बाजूला घेऊन त्यांनी सांगितलं, आणि मी ते पुढे सांगत सुटलो. नीताला फोनवर. मुलांना. दादाच्या मित्रांना. आण्णांना. सोसायटीच्या ग्रुपवर. गाडीच्या ड्रायव्हरला, कारण त्याने विचारलं की काय न्यायचंय. लिफ्टच्या दारात भेटलेल्या पेपरवाल्यालासुद्धा सांगितलं.

तुम्हाला घरी आणलं, तुमच्याच खोलीत फरशीवर ठेवलं. आंघोळ घालायला आत नीता, समोरच्या काळेकाकू आणि कांचन. कांचन वॉर्डातली सरावाची ड्यूटी टाकून निळ्या कोटातच आली होती. आम्ही पुरुष बाहेर हॉलमध्ये आणि जिन्यात. मी दाराला टेकून उभा होतो. दुपार व्हायला आली होती, खाली कोणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती, आणि आतून तुमचा आवाज आला.

"बाई, आता अंगावर पाणी घालते हं."

कांचनचा आवाज, हे मला माहीत होतं. मग ती जागा आली. मी पाणी पडल्याचा आवाज येण्याची वाट पाहू लागलो. आवाज येईना.

"घाल की गं," काळेकाकू म्हणाल्या. "कशाची वाट बघतेस?"

"थांबा काकू."

"अगं, काय झालं?"

"बाई नाही म्हणून राह्यल्या."

हॉलमधलं बोलणं बंद झालं. जिन्यातलंही. काळेकाकू म्हणाल्या, "आता परवानगी काढायची का त्यांची? खाली गाडीवाला दोनदा विचारून गेला." पण त्यांचा आवाज नेहमीसारखा निघाला नाही.

नीताला बाळाच्या आंघोळीची गोष्ट मी सांगितलेली होती. तिने हळूच विचारलं, "पाणी गार आहे का गं?"

"नाही काकू. पाणी बरोबर हाये."

दार बोटभर उघडलं. नीताने तांब्या बाहेर सरकवला. "अहो, जरा बघता का?" आणि वहिनी, मी खरंच तापमापक आणून बघितलं. जिन्यात माणसं ताटकळत उभी, खाली गाडी तयार, आणि मी तुमच्या शेवटच्या आंघोळीच्या पाण्याचं रीडिंग घेत होतो. कोणी हसलं नाही. पाणी जसं हवं तसंच होतं. मी दारातून म्हणालो, "बरोबर आहे."

"मंग दुसरं काही हाये," आतून कांचन म्हणाली. मग, "काका, बाईले सांगतलं काय कोणी?"

"काय सांगितलं का?"

"का त्या गेल्या म्हणून."

तीच पुढे बोलली, घाबरून, घाईने. "बाई आमाले शिकवत, पेशंटचं काही बी झालं त आधी पेशंटले सांगा, मंग नातेवाइकाले. हे त सगळ्यात मोठं झालं. त्याहिले कोणीच नाही सांगतलं."

मी मनात उजळणी केली. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. सिस्टरने वॉर्डबॉयला. मी पेपरवाल्यापर्यंत सगळ्यांना. ज्यांचं होतं त्यांना सोडून. तुमच्या डोक्यावरून सकाळपासून सगळे बोलत होते, तुमच्याविषयी, 'त्या' म्हणून. दादाच्या पलंगापाशी असं कोणी बोललं की तुम्ही त्याला खोलीबाहेर काढायचात.

"तुम्ही सांगा काका," कांचन म्हणाली. "घरचं माणूस पाहिजे."

त्यांनी तुमच्यावर चादर नीट केली आणि दार उघडलं. मी आत जाऊन फरशीवर बसलो. काय बोलायचं ते ठरवायला मला वेळ लागला. गोड शब्द तुम्हाला चालत नसत. रोग्याला 'जरासं', 'थोडंसं' म्हणायचं नाही, जे आहे ते सांगायचं, हे तुम्ही मुलींना बजावायचात. मी म्हणालो:

"वहिनी, आज सकाळी तुमचा श्वास थांबला. हृदयही थांबलं. डॉक्टरांनी तपासलं, मी कागद वाचून सही केली. तुम्ही आता घरी आहात, तुमच्या खोलीत. नीता आहे, काळेकाकू आहेत, कांचन आहे. तुम्हाला आंघोळ घालायची आहे. मग आम्ही तुम्हाला घेऊन जाणार आहोत. पाणी कोमट आहे, मी बघितलंय."

आणि थांबलो.

किती वेळ, ते मी मोजलं नाही. तांब्याच्या काठावरून थेंब पडला तो ऐकू आला. माझ्या मानेकडे कोणीतरी बघत असल्यासारखं वाटलं. असं वाटण्याला काही किंमत नाही, हे मलाही कळतं. मी फरशीकडे बघत होतो. ओल्या फरशीवर खिडकीचा चौकोन पडला होता, त्याच्याकडे.

मग कांचन म्हणाली, "हो म्हणाल्या." आणि पाण्याचा आवाज आला.

पुढे काही दिवसांनी नीता कणीक मळता मळता म्हणाली, "तुम्ही पाहिलं ना?"

"काय?"

"त्यांचं तोंड. सकाळपासून किंचित उघडं राहिलं होतं. तुमचं बोलून झालं आणि मिटलं."

मी काळेकाकूंना वेगळं गाठून विचारलं, नीताने काय सांगितलं ते न सांगता. त्या म्हणाल्या, "मी काही पाहिलं नाही बाई. मी डोळे मिटून घेतले होते. आणि त्या खोलीत मला आता एकटीला पाठवू नका." कांचनला विचारलं. ती म्हणाली, "मी तोंडाकडे नव्हती पाहत काका."

"मग हो म्हणाल्या हे कशावरून?"

"थे सांगता नाही येत."

जबडा ताठतो, सैल पडतो, त्याला कारणं असतात, तुम्हीच वर्गात ती शिकवायचात. पण उघडं राहिलेलं तोंड असं आपसूक मिटतं का, हे विचारायला तुम्हीच हव्या होतात. तुम्ही म्हणाला होतात, माझी वेळ आली की बघा आणि ठरवा. जन्मभर मी काट्याकडे बघत आलो. जे एक रीडिंग माझ्यासाठी ठेवलेलं होतं, त्याच्या वेळी मी फरशी बघत होतो. माझ्याकडे त्याची नोंद नाही. शून्य अशीही नाही.

एक गोष्ट राहिली, आणि उद्याचं दार उघडण्याआधी ती तुमच्या कानावर घालायला हवी. पाळणाघर चालू आहे. तिथेही तुमचाच नियम: "उचलते हं" म्हणायचं, थांबायचं, पोराने हात वर केले की मगच उचलायचं. तिथे ओवी नावाची दोनेक वर्षांची मुलगी येते. तुम्ही कलंडलात त्या दिवशी नाडीची गाठ होती ती हिच्याच भावाची. मागच्या आठवड्यात मी भाड्याचं बोलायला आण्णांकडे गेलो होतो. भर दुपार. पोरं झोपली होती. ओवी तेवढी बाहेर आली होती आणि तुमच्या वर्गाच्या बंद दारासमोर उभी होती, दाराकडे तोंड करून. ती काहीतरी ऐकत असल्यासारखी स्थिर होती. मग तिने दोन्ही हात वर केले.

उचलायला कोणी नव्हतं. ती तशीच उभी राहिली, मग हात खाली घेतले आणि मुकाट्याने आत जाऊन झोपली. रडली नाही. ज्याला उचललं नाही ते पोर रडतं, वहिनी. ज्याला उचलून खाली ठेवलं ते गप्प राहतं.

हे मी एकदा पाहिलं आहे. आणखी एकदा पाहिल्यासारखं वाटतं, पण खात्री नाही, म्हणून ते धरत नाही. आण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, "लेकरू हाय. बाईंची सवय लागली आसंल." मग चप्पल घालता घालता म्हणाले, "खोली राहू द्या तुमच्याकडंच. मी दुसऱ्या कुनाला देत नाय. माझी हिंमत नाय."

तर उद्याचं सांगतो. तुमच्या हॉस्पिटलातल्या एक निवृत्त सिस्टर उरलेला अभ्यासक्रम शिकवायला तयार झाल्या आहेत. कांचन त्यांच्या हाताखाली राहील. परीक्षा जवळ आली आहे. तिने विचारलं, "काका, परीक्षेत लवकर करू काय?" तुम्ही म्हणाला होतात, पटतं तर तुम्ही सांगा. मी तिला सांगितलं, "पाणी आधी तपासून घे, साहित्य आधी मांडून घे, तिथे वेळ वाचव. थांबायचं तेवढं थांब." परीक्षकांनाही भेटून आलो. तुमची पद्धत त्यांना समजावून सांगितली. ते गृहस्थ म्हणाले, "बेशुद्ध माणसाला कुठे ऐकू येतं?" मी म्हणालो, "येतं की नाही ते मला माहीत नाही. विचारून बघायला किती वेळ लागतो ते मला माहीत आहे." ते बघू म्हणाले. ती पास होईल की नाही, मी सांगू शकत नाही. आपला वाद मी हरलो असंही समजू नका. तो तहकूब आहे.

उद्या सकाळी, मुली यायच्या आधी, मी एकटा येईन. कुलपाला हात लावण्याआधी दाराशी उभं राहून हे सगळं पुन्हा तोंडी सांगेन, कारण लिहिलेलं तुमच्यापर्यंत पोचतं की नाही याची मला कल्पना नाही. दार उघडणार आहे. खिडक्या उघडणार आहे. कपाटातून बाळ काढून, कांचन आली की तिच्या हातात देणार आहे, मानेखाली तळवा धरून. इतके दिवस ते अंधारात आहे, त्यालाही आधी सांगेन.

मग थांबेन. आणि वहिनी, या वेळी मी खाली बघणार नाही.